सरगुंडे व्हाया नागपूर

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान एक विश्वविक्रम झाला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, लोणी ते माना या गावांच्या मध्ये, एका पट्ट्याचं ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. कतारला हरवल्याचा आम्हाला आनंद झालाच, पण आनंदापेक्षा धक्का मोठा होता. हा रस्ता आपल्या हयातीत पुरा होईल हे मानायला अमरावती-अकोला करणारा एकही माणूस तोवर तयार नव्हता.

हा विषय आज निघायचं कारण सरगुंडे. अकोल्याहून ताईनं आमच्या अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या पत्त्यावर सरगुंड्यांचा डबा कुरिअरनं पाठवला, आणि ७५ किलोमीटर रस्ता करायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ तो डबा तयार रस्त्यावरून यायला घेत होता. अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. डबा नुसता गडगडत सोडून दिला असता तरी बोरगाव मंजू, मूर्तिजापूर करत एव्हाना दाराशी आला असता.

सरगुंडे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. कणीक घट्ट मळायची, तिची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि उरलेली पोकळ गुंडाळी कडकडीत वाळवायची. मग आमरसाच्या दिवसांत ते शिजवायचे आणि रसात बुडवून खायचे. वाळवणाला अकोल्यासारखं गाव नाही. मे २०२४ मध्ये तर तिथं उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं. गच्चीवरच्या सरगुंड्यांना ते लागू नव्हतं. अडचण एवढीच की आंबा कुणासाठी थांबत नाही. पाऊस पडला की रसाची चव जाते, आणि रस गेल्यावर आलेले सरगुंडे म्हणजे लग्न लागल्यावर आलेल्या अक्षता.

वऱ्हाडात वस्तू पाठवायची एक रीत होती. आधी जाणारं माणूस शोधायचं, मग वस्तू. पुष्कळदा वस्तू तयार व्हायची तीच मुळी माणूस जातंय म्हणून. माहेरपणाला निघालेली कुणाची सून, रेल्वेतला मावसभाऊ, विद्यापीठात पेपर तपासायला येणारे सर, आणि यातलं कुणीच नसलं तर एसटीचा कंडक्टर. “भाऊ, स्टॅंडवर पोरगा येईन, निया शर्ट हाये, त्याले देजो,” एवढ्या पत्त्यावर डबे पोचत.

या रीतीत घोळ नव्हते असं समजू नये. आमच्या लोणच्याची एक बरणी मधल्या गावी लग्नघरी उतरली, पंगतीत वाढली गेली, आणि बरणी परत आली ती त्याच जोडप्याच्या लेकराच्या बारशाचं आमंत्रण घेऊन. पण त्यात मोठी सोय होती. चिंतेला चेहरा असायचा. “त्याचा काही भरोसा नाई. त्याच्या बापाचाही नव्हता,” असं म्हणून टाकलं की माणूस निवांत जेवायला बसू शकत असे. चिंता संपत नसे, पण ती त्या घराण्याच्या नावे जमा होई आणि आपण मोकळे.

ताईच्या मुलाला हे सगळं मागासलेलं वाटतं. “मामा, घरी येऊन घेऊन जातात. अन् डबा कुठं आहे ते मोबाइलवर दिसत राहते,” असं त्यानं मला फोनवर समजावलं. दिसत राहतं हे त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं. डबा सोडून बाकी सगळं दिसत राहिलं.

पहिल्या संध्याकाळी मोबाइलवर आलं, ‘पिक्ड अप, अकोला’. घरात समाधान पसरलं. बायकोनं आंबे पिकायला टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ‘अराइव्ह्ड, नागपूर हब’.

“अवो, नागपूरले काहून गेलं थे?” बायकोनं विचारलं. जणू मीच पाठवलं होतं.

यातली खरी मजा नकाशा ज्याला पाठ आहे त्यालाच कळेल. अकोल्याहून नागपूरला जाणारा ट्रक आमच्या बडनेऱ्याच्या अंगावरूनच जातो. म्हणजे रात्री मी गच्चीवर डास मारत पडलो होतो तेव्हा माझे सरगुंडे शिवेवरून हॉर्न वाजवत पुढे दीडशे किलोमीटर निघून गेले होते. आणि आता तेवढेच परत येणार होते. लग्नाच्या बसमधून आपलं घर दिसावं आणि ड्रायव्हरनं ‘आता वापसीतच थांबू’ म्हणावं, तशातली गत.

शेजारचे काकाजी रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेले. हावडा-मुंबई लायनीवर धावत्या गाडीत, रात्र रात्र उभं राहून, पत्रं खणांत टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अजूनही ते घरी आलेल्या लग्नपत्रिका गावांप्रमाणे लावून ठेवतात. त्यांना नागपूरचं काहीच वाटलं नाही. “पन्नास गावाहून पन्नास गावाले सरळ गाडी लावली तं किती फेऱ्या लागन? त्याहून सगळं एका जागी आणाचं अन् तथून वाटाचं,” ते म्हणाले. मी हिशेब केला. पन्नास गावं एकमेकांना थेट जोडायची तर २४५० फेऱ्या. मध्ये एक नाका बसवला तर जाणाऱ्या पन्नास आणि येणाऱ्या पन्नास, शंभरात काम. जगभरचं टपाल, विमानं, कुरिअरं याच हिशेबावर चालतात. हिशेब पटला. पण त्या हिशेबात आंब्याला पडणारे डाग कुठं धरलेले दिसेनात.

खरं म्हणजे वऱ्हाडच्या माणसानं नागपूरमार्गे जाण्याचं नवल करूच नये. १८५३ साली निजामानं कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं, तेव्हापासून आमचं पार्सल फिरतंच आहे. निजामाचे दिवाण सालारजंग ते परत मागून थकले. १८७६ मध्ये तर थेट विलायतेला जाऊन आले. तिथं त्यांचा सत्कार झाला, मेजवान्या झाल्या, वऱ्हाड मिळालं नाही. तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं ऐकवण्याची पद्धत बहुधा तेव्हाची असावी. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला, म्हणजे नागपूर राजधानीला जोडून टाकलं. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब दिला. म्हणजे पार्सल नाही, नुसती पावती. मग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचा शिक्का, १९६० मध्ये महाराष्ट्राचा. इतके पत्ते बदललेल्या मुलखातला एक स्टीलचा डबा नागपूर पाहून आला तर त्यानं वहिवाट पाळली, एवढंच म्हणता येईल.

काकाजींना हा इतिहास सांगितला. ते म्हणाले, “थे ठीक हाये. पण रस कधी कराचा?”

नागपूरनंतर मोबाइलनं मौन धरलं. ‘इन ट्रान्झिट’ एवढंच. सकाळी इन ट्रान्झिट, दुपारी इन ट्रान्झिट. डोळे मिटून पुन्हा उघडले की बदलेल असं वाटून मी डोळेही मिटून पाहिले. पूर्वी पत्र टाकलं की उत्तर येईपर्यंत चिंता करायला काही साधनच नव्हतं, त्यामुळे माणसं शेतीबिती करत असत. आता दर पाच मिनिटांनी चिंता ताजी करून मिळते, तीही फुकट. शिवाय ताईचा फोन. “भेटलं का रे?” हे ती अशा आवाजात विचारायची की डबा मीच कुठं तरी लपवून बसलोय. तिला ‘इन ट्रान्झिट’ म्हणजे काय हे सांगितलं. “म्हंजे त्याईलेच मालूम नाई,” असा तिनं अर्थ लावला. कुरिअरवाल्यांच्या परिभाषेचा इतका सरळ अर्थ मी अजून ऐकलेला नाही.

त्या रिकाम्या वेळात भाच्यानं पाठवलेल्या पावतीच्या फोटोतला मागचा बारीक मजकूर वाचून काढला. माल हरवला, उशीर झाला, भलतीकडे गेला, मोडला, तर कंपनी कशालाही बांधील नाही, असा त्याचा सारांश. मी चिडलो. काकाजी मात्र अभिमानानं हसले. ही कल्पना कुरिअरवाल्यांची नव्हेच, ती थेट सरकारची. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याचं सहावं कलम हेच सांगत होतं, की वस्तू गहाळ झाली, चुकीच्या हाती पडली, उशिरा पोचली किंवा मोडली तर सरकारवर जबाबदारी नाही. नियमांत वेगळं लिहिलं असेल तरच गोष्ट निराळी, आणि कर्मचाऱ्यानं मुद्दाम लबाडी केली असेल तर जबाबदारी त्या कर्मचाऱ्याची. कायदा बदलायला सव्वाशे वर्षं लागली. २०२३ चा नवा टपाल कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला, आणि जबाबदारीतून सूट देणारं कलम त्याही कायद्यात आहे. जुना कायदा गेला, पण ते कलम मात्र नव्या पत्त्यावर बिनचूक पोचलं.

आणि मग एका दुपारी मोबाइलवर तो शब्द उमटला. ‘मिसरूटेड’.

घरात सुतकी शांतता. बायको म्हणाली, “आंध्रात तं नाई गेलं?” ही भीती अगदीच वेडगळ नाही. कृष्णाकाठी आंध्रची नवी राजधानी अमरावती, तिची पायाभरणी २२ ऑक्टोबर २०१५ ला झाली आणि तेव्हापासून आमच्या अमरावतीचे हाल सुरू झाले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘ए’चा फरक. मोबाइलवर अमरावतीचं हवामान पाहावं तर तो समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची वार्ता देतो. आमच्याकडे समुद्राकडून काहीही येत नाही. लांब कशाला, ताईचं अकोलाही सुरक्षित नाही. प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले आहे. आमच्या एका जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे आहेत. कारंजा एक वाशिम जिल्ह्यात, दुसरं वर्ध्यात. वऱ्हाडात पूर्वजांनी गावं वसवली, पण नावांच्या बाबतीत काटकसर केली.

“आंध्र नाई,” काकाजी म्हणाले. त्यांनी पावतीचा फोटो चष्मा वर करून, मग चष्मा खाली करून पाहिला. “हे पाय. पिन कोड पाय.”

आमच्या बडनेऱ्याचा पिन ४४४७०१. पावतीवर छापला होता ४४४१०७. काकाजींचा चेहरा उजळला. किती तरी वर्षांत कुणी त्यांना कामाचं काही दाखवलं नव्हतं. “मूर्तिजापूर!” ते ओरडले.

पिन कोड हे एका मराठी माणसाचं काम. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांनी आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत देशात सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, त्यात आपला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड असा सगळ्यांचा मिळून. पहिले तीन आकडे छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटपाच्या टपाल कार्यालयाचे. हे गृहस्थ संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी. त्यांनी विलोम काव्य लिहिलं. सरळ वाचलं की रामाची स्तुती, उलट वाचलं की कृष्णाची. आता हे माहीत असलेल्या माणसानं आमचा पिन पाहावा. १०७ सरळ वाचलं की मूर्तिजापूर, उलट वाचलं की बडनेरा. कवीनं हे मुद्दाम केलं असेल असं माझं म्हणणं नाही. पण राम मागितला आणि कृष्ण आला तर भक्ताचं नुकसान होत नाही. सरगुंड्यांचं होतं.

काकाजींनी याहून एक खोल गोष्ट सांगितली, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. टपालाच्या स्पीड पोस्टचा जो तेरा अक्षरांचा क्रमांक असतो, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, त्यातला नववा आकडा हा पहाऱ्यावर बसवलेला असतो. आधीच्या आठांना ठरलेल्या संख्यांनी गुणून त्यांच्या बेरजेतून तो काढतात. लिहिताना एखादा आकडा चुकला की हिशेब जुळत नाही आणि यंत्र ओरडतं. पिन कोडात असा पहारेकरी नाही. सहाच्या सहा आकडे कामाचे. त्यामुळे अकोला ४४४००१ आणि अकोट ४४४१०१ यांत एका काडीचा फरक असला तरी यंत्राला दोन्ही सारखेच प्रिय. थोडक्यात, पार्सलाचा क्रमांक चुकू नये याची व्यवस्था आहे. गाव चुकलं तर चालतं.

मूर्तिजापूर हे कळल्यावर आम्ही प्रवास कागदावर मांडला. अकोल्याहून डबा निघाला, मूर्तिजापूरवरून गेला, बडनेऱ्यावरून गेला, नागपूरला पोचला, तिथून पुन्हा बडनेऱ्यावरून आला आणि मूर्तिजापूरला उतरला. दोनदा घरावरून जाऊन तो माहेरच्या अर्ध्या वाटेवर परत गेला होता. मूर्तिजापूर म्हटलं की वऱ्हाडी माणसाला शकुंतला आठवते. अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती, आणि तिला उशीर झाला असं कुणी म्हणत नसे, कारण वेळेवर म्हणजे काय हे कुणी विचारलेलं नव्हतं. तिच्या डब्यात बसलेला माणूस मोबाइल नसताना किती सुखी होता याचा विचार करत मी कस्टमर केअरच्या फोनवरचं संगीत ऐकत राहिलो. पलीकडची मुलगी शेवटी आली, फार गोड बोलली, आणि पार्सल ‘मार्गी लावलं’ आहे म्हणाली. कुठल्या, ते म्हणाली नाही.

यानंतर एक अनोळखी नंबर वाजला.

“भाऊ, तुमचं पार्सल हाये. कुठी राह्यता?”

“गजानन महाराजांच्या मंदिराजवळ.”

“कोणत्या?”

हा प्रश्न योग्यच होता. शेगाव इतक्या जवळ असल्यावर वऱ्हाडात गजानन महाराजांच्या मंदिराजवळ कोण राहत नाही? मी म्हणालो, पाण्याच्या टाकीकडचं. तो म्हणाला, टाकी तं दोन हाये. मी म्हणालो, जिच्याखाली रसवंती आहे ती. तो म्हणाला, रसवंती बंद झाली न भाऊ, तिथं आता मोबाइलचं दुकान हाये. मला हे माहीत नव्हतं. माझ्या गल्लीची बातमी मला पार्सलवाल्याकडून कळली.

सरकारनं यावरही उपाय काढला आहे. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला, दहा अक्षरांचा, ज्यात देशाचे साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद असे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक. म्हणजे आमच्या घराच्या उंबऱ्याचा एक आणि मागच्या न्हाणीचा दुसरा. हे ताईला सांगितलं तर ती पत्त्यावर दोन्ही लिहील आणि वर ‘गजानन महाराज मंदिराजवळ’ हेही लिहील.

पोरगा आला. घामानं निथळत होता, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी पिशवी. त्याच्यासाठी मनात जपून ठेवलेली सगळी वाक्यं त्याला पाहून विरघळली. बायकोनं त्याला माठातलं पाणी दिलं, मग पन्हं दिलं, मग त्याचं गाव विचारलं. तो दर्यापूरकडचा निघाला, आणि बायकोच्या मामाच्या शेजाऱ्यांना ओळखत होता. ओटीपीचा आकडा त्यानं बोलता बोलता दाबला. डबा त्या दिवशी अशा रीतीनं अखेर जाणाऱ्या माणसाच्याच हातून घरी आला, निदान बायकोचा तसा समज झाला.

सरगुंडे फुटले होते. पोकळ गुंडाळ्यांचे तुकडे झाले होते, तळाशी बराच भुगा. आंबे तोवर काही खाऊन, काही टाकून झाले होते, म्हणून दुधात गूळ घालून त्याची खीर केली. चांगली झाली. काकाजींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि नागपूरची चव आली म्हणाले.

ताईला फोन केला. मिळालं म्हणून सांगितलं, फुटल्याचं सांगितलं नाही. तिला सरगुंड्यांपेक्षा वेगळीच काळजी होती. “डबा धुवून पाठवून देजो. आईच्या वेळचा हाये थो. अन् रिकामा नोको पाठवू.”

रिकामा डबा पाठवत नाहीत हे मला माहीत आहे. बायकोनं संत्राबर्फी आणून भरली. कुरिअरचं नाव काढायचं नाही असं घरात ठरलं. काकाजींनी जाणारं माणूस शोधून दिलं, त्यांच्या ओळखीचे एक मास्तर. ते अकोल्यापर्यंत जात नाहीत, मूर्तिजापूरला उतरतात. तिथून त्यांचे साडू शनिवारी अकोल्याला बाजाराला जाणार आहेत. ते डबा गांधी रोडवरच्या एका दुकानात ठेवतील आणि भाचा तिथून घेईल.

“मंग आपल्याले कसं समजन डबा कुठी पोचला थे?” बायकोनं विचारलं.

मी साडूंचा नंबर घेऊन ठेवला आहे. ते फोन उचलत नाहीत.